साडेबारा सेंटिमीटरचा जवान



माझ्यासमोर टेबलावर दोन यंत्रमानव उभे आहेत. मोबाईलवर बघणाऱ्यांना कदाचित नीट दिसत नसतील, म्हणून सांगतो. चहाच्या पेल्याहून थोडे उंच, पांढरे, छातीवर निळा रंग, पायात लाल बूट, डोक्यावर पिवळी व्ही आकाराची शिंगं. एक जरा ओबडधोबड आहे, दुसरा देखणा. दोघं एकच आहेत. मात्र एकाचा आराखडा १९८० सालचा आणि दुसऱ्याचा २०२० सालचा.

मी निवृत्त कर्नल. सैन्यातल्या ईएमई कोअरमध्ये बत्तीस वर्षं काढली. ईएमई म्हणजे बिघडलेली यंत्रं दुरुस्त करून लढणाऱ्यांच्या हाती परत देणारी मंडळी. आमच्या वाट्याला तोफ डागायचं काम कमी, तोफ का डागली जात नाही ते शोधायचं जास्त. आता बडोद्याला राहतो. फत्तेगंजला ईएमई स्कूल आहे, तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेल्या घुमटाचं दक्षिणामूर्तीचं देऊळ आहे. बडोद्यात आलात तर जरूर बघा. दुरुस्तीवाल्यांनी देऊळ बांधलं की कसं दिसतं ते कळेल.

तर कर्नलसाहेब खेळण्यांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. आमच्या घरीही तेच वाटलं. गेल्या मे महिन्यात नात बंगळुरूहून सुट्टीला आली, तेरा वर्षांची. येताना माझ्यासाठी दोन खोकी घेऊन आली. "आबा, तुम्ही वर्कशॉपमध्ये गाड्यांचे रिपोर्ट लिहायचात ना? याचा लिहा. हा गंडम." आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "नावावरूनच वाटतंय, कुणीतरी तुम्हाला गंडवलंय."

आजचं हे भाषण म्हणजे तो रिपोर्ट. थोडा उशिरा दाखल होतोय. उशीर का झाला, तेही सांगणार आहे.

आधी पार्श्वभूमी. 'मोबाईल सूट गंडम' ही जपानी कार्टून मालिका ७ एप्रिल १९७९ला दूरदर्शनवर सुरू झाली, म्हणजे त्यांच्या दूरदर्शनवर. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, आणि यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची. सुरुवातीला मालिका फारशी चालली नाही. बावन्न भागांची योजना होती, ती त्रेचाळीस भागांत गुंडाळली. शेवटचा भाग लागला २६ जानेवारी १९८०ला. इकडे आपण संचलन बघत होतो. पण पुनःप्रक्षेपण सुरू झालं, जुलै १९८०मध्ये बांदाई कंपनीनं त्या यंत्राचं प्लास्टिकचं मॉडेल तीनशे येनला बाजारात आणलं आणि पोरांनी दुकानांबाहेर रांगा लावल्या. चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी ती गाडी थांबलेली नाही. या मॉडेलांना चाहते 'गनप्ला' म्हणतात, गंडमचं प्लास्टिक मॉडेल या अर्थानं. त्याच वर्षी डिसेंबरात मी डेहराडूनहून कमिशन घेऊन बाहेर पडलो. म्हणजे आम्ही दोघं एकाच बॅचचे.

आता गोष्ट. भविष्यकाळातलं युद्ध आहे. माणसं अंतराळात वसाहती करून राहतात. त्यातली झिऑन नावाची वसाहत पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध उठते, आणि पहिल्या महिनाभरात निम्मी मानवजात मरते. मालिका सुरू होते ती त्यानंतर. अमुरो रे हा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याचे वडील गंडमच्या प्रकल्पावर इंजिनिअर आहेत. हल्ला होतो, चालवणारं कुणी उरत नाही, आणि हा मुलगा त्या अठरा मीटरच्या यंत्रात चढतो. तेव्हा तो काय करतो? हातात मॅन्युअल धरून, वाचत वाचत यंत्र चालवतो. मंडळी, बत्तीस वर्षांत मॅन्युअल वाचणारा माणूस मला क्वचितच भेटला. मी त्या मुलाच्या तिथेच प्रेमात पडलो.

पण गमतीचा भाग सोडा. मला ही मालिका पटली ती वेगळ्या कारणानं. तिच्यात शत्रूच्या यंत्रातही माणूस बसलेला आहे, त्याला नाव आहे, घर आहे. आणि ज्याला आपण नायक म्हणतो तो मुलगा लढून लढून थकतो, नको म्हणतो, चिडतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना मी कामावर पाठवलेलं आहे. त्या वयातला चेहरा थकला की कसा दिसतो, ते मला माहीत आहे. ज्यानं हे लिहिलं त्यालाही माहीत असावं.

आता मॉडेलकडे येऊ. दोन्ही एकास एकशे चव्वेचाळीस या प्रमाणात आहेत. हा आकडा विचित्र वाटतो, पण फूट-इंचाच्या हिशेबात सरळ आहे. बारा गुणिले बारा. मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खऱ्यातले बारा फूट. अठरा मीटरला एकशे चव्वेचाळीसनं भागा, साडेबारा सेंटिमीटर येतात.

पहिलं खोकं १९८०च्या मॉडेलचं. तो जुना साचा आजही पुन्हा पुन्हा छापला जातो. खोकं उघडलं की चौकटीत अडकलेले पांढरे भाग निघतात. या चौकटीला 'रनर' म्हणतात. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबानं पोलादी साच्यात ढकलतात, ते ज्या वाटांनी वाहत जातं त्या वाटा म्हणजे रनर, आणि भाग जिथे वाटेला चिकटलेला असतो ते 'गेट'. निपरनं, म्हणजे बारीक तोंडाच्या कटरनं, भाग सोडवायचा, कानशीनं घासायचा, सिमेंटनं चिकटवायचा, मग रंगवायचा. लाल, निळा, पिवळा, सगळा रंग आपला आपण.

हे सिमेंट फेविकॉलसारखं नसतं. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतं. दोन भाग दाबून धरले की त्यांचे वितळलेले कडे एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि दोनाचं एक होतं. वर्कशॉपच्या भाषेत हे वेल्डिंग. म्हणूनच त्यात चुकीला माफी नाही.

आणि इथे माझा रिपोर्ट अडला.

मंडळी, गेली तीन वर्षं माझा उजवा हात थरथरतो. आता थोडा डावाही. हात मांडीवर असला की काही नाही. कप उचलला, पेन धरलं, चमच्यात सूप घेतलं की सुरू. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं म्हणजे त्यासाठी रीतसर डावपेच आखले होते. चहा सगळे उठून गेल्यावर प्यायचा. बँकेत सही करायला सकाळी लवकर, गर्दी नसताना जायचं. लग्नात जेवायला बसायचं नाही, "पोट ठीक नाही" म्हणायचं. दरवर्षी १५ ऑक्टोबरला, आमच्या कोअरच्या स्थापनादिनी, जुन्या वर्कशॉपची मंडळी बडोद्यात जमतात. दोन वर्षं मी गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून कळवलं. गुडघा उत्तम आहे. रोज पाच किलोमीटर चालतो.

मनात कंपवाताची भीती होती. ती भीती खरी आहे का ते विचारायला डॉक्टरकडे जायचं, तर उत्तर मिळालं असतं. म्हणून गेलो नाही. आपल्या तुकडीतल्या एखाद्या ड्रायव्हरनं इंजिनाचा आवाज ऐकू येतोय तरी तीन वर्षं रिपोर्ट केला नसता, तर मी त्याला काय केलं असतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

तर ते जुनं मॉडेल मी रात्री, सगळे झोपल्यावर, एकट्यानं जोडायला घेतलं. भाग सोडवणं जमलं. पाय जमले. ढालीची वेळ आली. सिमेंटच्या बाटलीच्या झाकणालाच ब्रश असतो. तो उचलला, हात हलला, थेंब अंगठ्यावर. ढाल पडायला लागली म्हणून पटकन तीच धरली. उचललं तेव्हा ढालीवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. वरचा थर वितळलेला असताना दाबला गेला, मग सुकला. नुसता ठसा नाही. दोन-तीन ठसे एकमेकांवर, फोटोत माणूस हलला की दिसतो तसे. पॉलिश पेपरनं घासायला गेलो तर आजूबाजूचा भाग खोल गेला, ठसा राहिलाच.

सकाळी नातीनं ढाल हातात घेतली. "आबा, हा ठसा असा हलल्यासारखा का आलाय?"

म्हटलं, "हातातून घसरली."

ती म्हणाली, "तुमचा कपही रोज घसरतो. मला माहितीये. आजीलाही माहितीये."

तीन वर्षांची माझी सगळी छद्मावरण व्यवस्था एका वाक्यात उघडी पडली. तिची आजी दारातच उभी होती. काही बोलली नाही. आत जाऊन चहा घेऊन आली आणि बसली. त्या दिवशी मी पहिल्यांदा दोघींसमोर चहा प्यायलो. बशीत सांडला. सांडू दिला.

दुसरं खोकं मग आम्ही दोघांनी उघडलं. हे 'एंट्री ग्रेड', २०२० सालचं. तेव्हाची किंमत सातशे येन, कर वेगळा. भारतात येईपर्यंत वाहतूक आणि आयातकर लागून किंमत बरीच चढते, हे लक्षात ठेवा. खोकं लहान, पण आत गेल्या चाळीस वर्षांची सगळी शिकवणी भरलेली आहे.

पहिली गोष्ट, निपर लागत नाही. गेट इतकं बारीक ठेवलेलं आहे की भाग हातानं दाबून फिरवला की सुटतो. याला ते 'टच गेट' म्हणतात. दुसरी, सिमेंट लागत नाही. खुंटी भोकात दाबायची, ती घट्ट बसते. खुंटी जरा जाड झाली तर भाग चिरतो, बारीक झाली तर गळून पडतो. म्हणजे तो साचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात अचूक हवा, आणि तसाच तो हजारो वेळा उघडझाप होऊन टिकायला हवा. ज्यांनी कधी लेथवर काम केलं असेल, त्यांनी इथे टोपी काढावी. तिसरी, रंग लागत नाही. प्रत्येक भाग आपापल्या रंगाच्या प्लास्टिकचा. डोळ्यांना साधा स्टिकरसुद्धा नाही. वेगवेगळ्या रंगांचे भाग एकामागे एक बसवून चेहरा तयार होतो.

ही मॉडेलं जपानमध्ये शिझुओकाला बनतात. तामिया, आओशिमा या मॉडेल कंपन्याही त्याच गावच्या. आपल्याकडे मिरजेला तंतुवाद्यांचं, तसं तिकडे मॉडेलांचं.

जोडताना आम्ही कामाची पद्धत बदलली. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची. हातात भाग धरून भाग जोडायचा नाही. एक भाग टेबलावर जाड रुमालावर ठेवायचा, दुसरा वरून आणायचा. अगदी बारीक भाग आला की नात म्हणायची, "मी धरते, तुम्ही दाबा." दाबायला माझा हात उत्तम आहे. दाब आला की कंप कमी होतो. हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं, कारण मी हात लपवत होतो, बघत नव्हतो. जुन्या मॉडेलला अकरा दिवस गेले, रंग धरून. याला दोन संध्याकाळी.

आता निष्कर्ष, वर्कशॉपच्या पद्धतीनं.

१९८०चं मॉडेल. जोडणी अवघड, सांधे दिसतात, हालचाल आजच्या मानानं फारच कमी. उभा राहिला की फोटोतल्या आजोबांसारखा ताठ. पण यात तुम्ही खरोखर काहीतरी करता. चूक तुमची, रंग तुमचा. ज्याला घासणं, रंगवणं आवडतं, त्यानं हे घ्यावं. सिमेंट वापरताना खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना एकट्यानं देऊ नका.

एंट्री ग्रेड. जोडणीला पैकीच्या पैकी. कोपर-गुडघा छान दुमडतो, एक गुडघा टेकून बसवता येतो. उणिवा तीन. एक, शस्त्रं कमी. बीम रायफल आणि ढाल मिळते, पण प्रकाशाच्या तलवारीचं पातं नाही, बाझूका नाही. मालिका पाहिलेल्या पोराचा इथे हिरमोड होतो. दोन, सांधे प्लास्टिकवर प्लास्टिक घासणारे आहेत, मध्ये मऊ बुशिंग नाही. शोकेसमध्ये उभा ठेवला तर प्रश्न नाही, रोज हातपाय फिरवले तर काही वर्षांनी ढिले पडतील. यंत्र कुठलंही असो, घर्षण आपला हिशेब वसूल करतं. तीन, जिथे भाग सुटतो तिथे बारीक खूण राहते. नखानं चाचपली तर लागते. हौशी असाल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि खाचांतून करड्या शाईची रेघ ओढा, चेहरा उठून दिसतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं हेच घ्यावं, माझी निःसंदिग्ध शिफारस.

आणखी एक मुद्दा, जो माझ्या रिपोर्टमध्ये सर्वात वर हवा. ज्या इंजिनिअरनं तो टच गेट आखला, त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हत्यारं नसलेलं लहान मूल असावं. बडोद्यातला सहासष्ट वर्षांचा कर्नल नक्कीच नसावा. पण चांगल्या रचनेचं असं असतं. ती ज्याच्यासाठी केली त्याच्या पलीकडेही कुणाच्या तरी उपयोगी पडते. मालिकेतही बघा, गंडम हे चाचणीसाठी केलेलं भारी यंत्र. पण पुढे लढाईत संख्येनं उतरतात ती त्याच्यावरून बनवलेली साधी, स्वस्त 'जिम' यंत्रं. सोपं करून दाखवणं हे सर्वात अवघड काम. माझं पहिलं शिक्षण विजयंता रणगाड्यांवर झालं. ग्रीस लावायची जागा हात पोहोचेल अशी ठेवणाऱ्या माणसाला आम्ही मनातल्या मनात सलाम करायचो, आणि तशी न ठेवणाऱ्याला काय म्हणायचो ते इथे सांगत नाही.

जूनमध्ये मी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. हिला बरोबर घेऊन गेलो. त्यांनी हात पुढे धरायला लावला, नाकाला बोट लावायला लावलं, कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं. म्हणाले, हा कंपवात नाही. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. तो काम करताना येतो, कंपवाताचा बहुधा हात स्वस्थ असताना. तो पुष्कळदा घराण्यातून येतो. तेव्हा आठवलं, माझ्या वडिलांचीही सही शेवटी अशीच नागमोडी झाली होती. आम्ही त्याला म्हातारपण म्हणायचो. गोळी चालू आहे. कंप गेलेला नाही, कमी झालाय. तुमच्यापैकी कुणाचा हात थरथरत असेल तर माझ्यावरून निदान करू नका, तपासून घ्या. एवढंच की तीन वर्षं थांबू नका.

आणि १५ ऑक्टोबरला मी मेळाव्याला गेलो. दोन वर्षांनी. चहा आला. वाटणारा आमच्या वर्कशॉपचा जुना हवालदार, फिटर. आता तोही आजोबा. माझ्या हातात कप देताना त्यानं हात बघितला. मी म्हटलं, "हाथ काँपता है आजकल." हे वाक्य मी पहिल्यांदाच आपल्या माणसांत मोठ्यानं बोललो.

त्यानं कप परत घेतला. अर्धा चहा किटलीत ओतला आणि अर्धा भरलेला कप मला दिला. म्हणाला, "लोड कम कर दिया, साब. खतम हो तो बोलिए, फिर आ जाऊँगा." आणि पुढच्या माणसाकडे गेला.

मी तो चहा दोन्ही हातांनी प्यायलो. एक थेंब सांडला नाही. तीन वेळा भरून घेतला.

तर हा माझा रिपोर्ट. जुन्या गंडमच्या हातातली ढाल कॅमेऱ्याजवळ धरतो. तो ठसा दिसतोय? नात म्हणाली होती, याच्यावर रंग देऊन झाकू. मी म्हटलं, राहू दे. यंत्रावर दुरुस्ती करणाऱ्याची खूण असावी, पुढच्याला कळतं की इथे कुणाचा तरी हात लागलेला आहे.

डिसेंबरच्या सुट्टीत ती पुन्हा येणार आहे. यावेळी हिरवा झाकू आणणार म्हणाली, शत्रूपक्षाचा साधा शिपाई. मी टेबल रिकामं करून ठेवलंय.

जय हिंद.